घरच्या घरी गोल्फचा सराव: लॉन्च मॉनिटर आणल्यावर काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं

लॉन्च मॉनिटर, म्हणजे चेंडूचा वेग, दिशा आणि अंतर सांगणारं यंत्र, घरी आलं की पहिल्या संध्याकाळी बहुतेकांच्या हातून एकच गोष्ट होते. ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारणारा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) बाहेर निघतो आणि चेंडू किती लांब जातोय हे बघण्यात तासभर जातो. शंभर-सव्वाशे फटके होतात, दुसऱ्या दिवशी कोपर आणि पाठ बोलायला लागते, आणि हाती उरतो एक मोठा आकडा. तो आकडाही बऱ्याचदा खरा नसतो, कारण यंत्र नीट लावलेलं नसतं.

घरचा सराव मैदानावर उपयोगी पडतो, हे मी ठामपणे सांगू शकतो. गेली काही वर्षं माझा निम्म्याहून जास्त सराव घरातच होतो. पण त्याला एक क्रम आहे: आधी जागा, मग यंत्र, मग मॅट, मग यंत्राची दिशा, आणि आकडे त्यानंतर. क्रम मोडला की पुढच्या सगळ्या कष्टांवर पाणी पडतं.

पायरी १: जागा मोजा, आणि क्लब हातात घेऊन मोजा

नुसत्या टेपने छत मोजून भागत नाही. साधारण उंचीच्या माणसाला ९ फूट उंच खोलीत आयर्न (मधल्या अंतराचे क्लब) मारता येतात. ड्रायव्हर मोकळेपणाने फिरवायला १० फूट असलेले बरे. पण सारख्याच उंचीच्या दोन माणसांचे स्विंग सारखे नसतात. एकाचा क्लब डोक्यावरून उभा जातो, दुसऱ्याचा खांद्याभोवती आडवा फिरतो. म्हणून खात्री अशी करा. मॅट जिथे येणार तिथेच अंथरा, कारण तिच्या जाडीमुळे तुम्ही इंच-दीड इंच वर जाता आणि मोजताना नेमकं तेच विसरलं जातं. एका जाणकाराला लांब, सुरक्षित कोपऱ्यात उभं करा. आधी ९ आयर्न अगदी सावकाश फिरवा, मग ७ आयर्न, मग ड्रायव्हर. बॅकस्विंगच्या (क्लब मागे नेण्याच्या) टोकाला आणि फॉलो-थ्रूच्या (फटक्यानंतर क्लब पुढे नेण्याच्या) टोकाला क्लब छतापासून, दिव्यापासून आणि मागच्या भिंतीपासून किती दूर आहे, हे त्या माणसाला बघू द्या. सगळीकडे किमान वीतभर जागा सुटली पाहिजे.

क्लब छताला न लागणं एवढंच पुरेसं नाही. छत जवळ आहे हे शरीराला कळतं आणि ते आपोआप सावरून घेतं: हात आखडतात, गुडघे जास्त वाकतात, क्लब अर्ध्यावर थांबतो. असा घाबरलेला स्विंग महिनाभर केला की तोच अंगवळणी पडतो. ड्रायव्हरसाठी जागा कमी वाटत असेल तर तो घरात वापरूच नका. ७ आयर्न आणि वेज (जवळच्या, उंच फटक्यांचा क्लब) यांच्यावर वर्षभर पुरेल इतकं काम आहे.

लांबीचा हिशेब यंत्र रडारचं की कॅमेऱ्याचं, यावर ठरतो. चेंडूपासून नेटपर्यंत ८ ते १० फूट हवेत. रडारचं यंत्र चेंडूच्या मागे आणखी ६ ते ८ फुटांवर बसतं. नेट आणि भिंत यांच्यात किमान एक फूट मोकळा सोडा, म्हणजे एकूण १५ ते १९ फूट लागतात. कॅमेऱ्याचं यंत्र चेंडूच्या बाजूला बसतं, त्यामुळे त्याला मागची जागा लागत नाही.

आता सुरक्षेबद्दल, आणि इथे मी कुणालाच सवलत देणार नाही. गोल्फचा चेंडू जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅमचा असतो, पण ताशी १०० मैल वेगाने निघालेला चेंडू सेकंदाला जवळजवळ ४५ मीटर जातो. तीन मीटरवरच्या नेटपर्यंत तो सेकंदाच्या पंधराव्या भागात पोचतो. डोळे मिटायलाही तेवढा वेळ पुरत नाही. सगळ्यात धोक्याचा फटका म्हणजे शँक. क्लबच्या तोंडाऐवजी दांडा जिथे जोडलेला असतो तिथे चेंडू लागतो आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या उजवीकडे तिरका सुटतो. समोरच्या नेटचा तिथे काहीच उपयोग नसतो. त्यामुळे दोन्ही बाजूंना नेट लावा. खोलीचं दार स्विंगच्या वाटेत उघडत असेल तर सराव चालू असताना आतून कडी लावा. घरात लहान मुलं असतील तर हा नियम एकदाही मोडू नका.

नेट ताणून बांधू नका. ताणलेलं नेट चेंडू परत फेकतं, सैल सोडलेलं नेट चेंडूला पोटात घेऊन खाली टाकतं. प्रोजेक्टरच्या पडद्यालाही हेच लागू आहे. बांधून झाल्यावर आधी हाताने चेंडू फेकून बघा, मग वेजने अर्धा फटका मारा, मग हळूहळू वाढवा. आणि दर आठवड्याला चेंडू जिथे जास्त आदळतो ती जागा दोन बोटांत धरून उजेडात बघा. दोरा केसाळ दिसायला लागला की तो भाग बदलायची वेळ झाली. भोक पडायची वाट बघू नका.

पायरी २: यंत्र काय मोजतं आणि काय अंदाजाने सांगतं, ते समजून घ्या

घरी वापरायची यंत्रं ढोबळमानाने दोन जातींची: रडारची आणि कॅमेऱ्याची. रडार डॉपलर तत्त्वावर चालतं. चेंडूवरून परत आलेल्या लहरीची वारंवारता बदलते आणि त्यावरून वेग कळतो. २००३ साली डेन्मार्कमध्ये सुरू झालेल्या ट्रॅकमॅन कंपनीने हे तंत्र गोल्फमध्ये रुजवलं. गार्मिनचं आर१० हे त्याच तत्त्वावरचं छोटं घरगुती यंत्र. कॅमेऱ्याच्या यंत्रात फटका बसल्या क्षणी चेंडूचे लागोपाठ अनेक फोटो घेतले जातात. स्कायट्रॅक किंवा फोरसाइटचं चार कॅमेऱ्यांचं जीसीक्वाड चेंडूच्या बाजूला ठेवतात, युनीकोरची काही यंत्रं छताला बसवतात. रॅप्सोडोच्या एमएलएम२प्रोमध्ये रडार आणि कॅमेरे दोन्ही आहेत आणि ते मागे ठेवतात.

मैदानात रडारला चेंडूचा पूर्ण प्रवास दिसतो. घरात त्याला तीन मीटर दिसतात आणि पुढचं तो गणिताने काढतो. वेग आणि उडण्याचा कोन यांना तेवढं अंतर पुरतं. अडचण स्पिनची, म्हणजे चेंडूच्या गिरकीची आहे. ७ आयर्नचा चेंडू मिनिटाला ७,००० फेऱ्यांनी फिरत असेल आणि ताशी १२० मैलांनी जात असेल, तर नेटला लागेपर्यंत त्याने जेमतेम सहा-सात गिरक्या घेतलेल्या असतात. एवढ्यावरून स्पिन पकडणं कठीण, म्हणूनच खास खुणांचे चेंडू निघाले. टायटलिस्टचे आरसीटी चेंडू रडारला गिरकी दिसावी म्हणूनच बनवलेले आहेत, आणि काही यंत्रांसाठी चेंडूवर धातूचा छोटा ठिपका चिकटवतात. साध्या चेंडूने खेळत असाल तर स्पिनचा आकडा मोजलेला आहे की अंदाजाचा, हे माहितीपुस्तिकेत नक्की बघा. फोमचे किंवा कमी उडणारे सरावाचे चेंडू वापरून अंतर मोजू नका.

नव्या माणसाला माझा सल्ला असा: महाग यंत्राच्या मागे लागू नका. चेंडूचा वेग, उडण्याचा कोन आणि सुटण्याची दिशा ही तीन मोजमापं विश्वासाने देणारं यंत्र पहिल्या वर्षाला पुरतं. वाचलेले पैसे मॅटमध्ये घाला.

पायरी ३: मॅट, जिच्याकडे सगळे कानाडोळा करतात

पातळ मॅट थेट फरशीवर टाकली की प्रत्येक फटक्याचा झटका मनगटातून कोपरात जातो. गवतात क्लब थोडा रुततो, माती पुढे सरकते. फरशी जागची हलत नाही. कोपराच्या आतल्या बाजूचं दुखणं इथूनच सुरू होतं आणि एकदा धरलं की महिनोन्महिने सोडत नाही. जाड, दबणारी मॅट घ्या. जमलं तर जिथे क्लब लागतो तो पट्टा वेगळा बदलता येईल अशी. आणि कोपर ठणकायला लागलं तर त्या दिवशी पटर (चेंडू जमिनीवरून भोकात ढकलायचा क्लब) घ्या, उरलेले चेंडू मोजत बसू नका.

मॅटचा दुसरा दोष जास्त फसवा आहे. गवतावर क्लब चेंडूच्या दोन इंच मागे जमिनीला लागला तर फटका मरतो, चेंडू निम्म्या अंतरावर पडतो. मॅटवर मात्र क्लब घसरून पुढे जातो आणि चेंडूला बऱ्यापैकी लागतो. पडद्यावरचा आकडा ठीकठाक दिसतो आणि आपली चूक आपल्याला कळतच नाही. घरी छान मारणारे मैदानावर गेले की माती उकरतात, त्याचं मोठं कारण हे.

यावर साधा उपाय आहे. छोटा टॉवेल चौपदरी घडी करून चेंडूच्या मागे चार बोटं अंतर सोडून ठेवा. आता ७ आयर्न मारा. क्लब मागे पडला तर आधी टॉवेलला लागेल, ‘धप्प’ असा बोदा आवाज येईल आणि टॉवेल पुढे सरकेल. बरोबर लागला तर आधी चेंडूचा कोरडा ‘टक्’, आणि टॉवेल जागच्या जागी. दहा चेंडूंत किती वेळा टॉवेल हलला, तेवढंच लिहून ठेवा. पहिल्या दिवशी सात-आठ वेळा हलला तरी निराश होऊ नका. सुरुवातीला कान उघडे ठेवा, पडदा बंद असला तरी चालेल.

पायरी ४: यंत्राची दिशा लावा

सगळ्यात कमी वेळ लागणारी आणि सगळ्यात जास्त वेळा चुकणारी पायरी. यंत्र १ अंश तिरकं असेल तर १५० यार्डांवर चेंडू साधारण २.६ यार्ड बाजूला दिसतो. ३ अंश तिरकं असेल तर जवळजवळ ८ यार्ड. मी एकदा सलग काही आठवडे माझे सगळे फटके उजवीकडे जातायत असं समजून पकड बदलत बसलो होतो. यंत्राचा पाय मॅटच्या कडेवर चढला होता, एवढंच. ती बदललेली पकड सोडवायला त्याहून जास्त आठवडे लागले.

म्हणून नेटच्या मध्यावर रंगीत चिकटपट्टीची उभी खूण करा. चेंडूच्या जागेपासून त्या खुणेपर्यंत दोरी ताणा. यंत्र मागे ठेवायचं असेल तर ते त्याच दोरीच्या रेषेत, बाजूला ठेवायचं असेल तर दोरीला समांतर. गवंड्याकडे असते तशी छोटी लेव्हल यंत्रावर ठेवून बुडबुडा मध्ये आणा. चेंडू जाड मॅटवर आणि यंत्र खाली फरशीवर, असं होऊ देऊ नका. यंत्राखाली तेवढीच फळी सारा. जागा पक्की झाली की जमिनीवर पट्टीने खूण करून ठेवा, दररोजचा खटाटोप वाचतो.

अॅपमध्ये समुद्रसपाटीपासूनची उंची आणि तापमान तपासा. विरळ आणि उष्ण हवेत चेंडू लांब जातो, त्यामुळे हे आकडे चुकीचे असतील तर अंतर उगाच फुगतं. आणि पडद्यावर ‘एकूण अंतर’ ऐवजी ‘कॅरी’ दिसेल असं करा. कॅरी म्हणजे चेंडू हवेतून जाऊन जिथे टेकतो तिथपर्यंतचं अंतर. पुढचं घरंगळणं घरात कुणी मोजत नसतं.

पायरी ५: आकड्यांपैकी आधी तीनच बघा

चेंडूचा वेग, सुटण्याची दिशा, कॅरी. बाकीचे रकाने अॅपमध्ये लपवता येतात, ते लपवा.

तुलनेसाठी ट्रॅकमॅनचा गाजलेला तक्ता डोळ्यांसमोर ठेवायला हरकत नाही. त्यात ७ आयर्नसाठी पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेतल्या पुरुषांची सरासरी अशी: क्लबचा वेग ताशी ९० मैल, चेंडूचा १२०, कॅरी १७२ यार्ड. एलपीजीए टूर या महिलांच्या मालिकेतल्या खेळाडूंची: क्लबचा ७६, चेंडूचा १०४, कॅरी १४१. हौशी खेळाडूने, मग तो पुरुष असो की स्त्री, दुसरी ओळ जास्त बारकाईने वाचावी. ७६ मैलांचा वेग अनेकांच्या आवाक्यात असतो. १४१ यार्ड मात्र पडत नाहीत, कारण चेंडू क्लबच्या मधोमध लागत नाही. चेंडूचा वेग भागिले क्लबचा वेग याला स्मॅश फॅक्टर म्हणतात, आणि या महिलांचा तो १.३७ च्या आसपास येतो. तुमचा १.२ येत असेल तर जोर वाढवून काही साधणार नाही, चेंडू मध्यावर लागायला हवा. क्लबच्या तोंडावर पायाला मारायच्या पावडरचा स्प्रे हलका फवारा. प्रत्येक फटक्याचा गोल ठसा उमटतो आणि चेंडू कुठे लागला ते स्वच्छ दिसतं. शेजाऱ्याच्या ७ आयर्नशी मात्र तुलना करू नका. त्याच्या क्लबचं तोंड ३४ अंश तिरपं आहे की २८ अंश, हे माहीत नसताना त्या तुलनेला अर्थ नाही.

दिशेबद्दल एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. चेंडू कुठे सुटतो हे मुख्यतः फटक्याच्या क्षणी क्लबचं तोंड कुठे होतं यावर ठरतं. तो पुढे कुठे वळतो, हे तोंड आणि क्लबची वाट (तो ज्या दिशेने चेंडूतून जातो ती) यांच्यातल्या फरकावर. पूर्वी अनेक ठिकाणी याच्या उलट शिकवलं जायचं. अचूक मोजमाप आल्यावर ते मागे पडलं. समजा उजव्या हाताने खेळताना चेंडू डावीकडे सुटून मग उजवीकडे वळतो. म्हणजे तोंड लक्ष्याच्या डावीकडेच होतं, पण क्लबची वाट त्याहून जास्त डावीकडे होती. सुधारायची आहे ती वाट. इथे पकड बदलत बसलात तर दुखणं एकीकडे आणि औषध दुसरीकडे होईल.

पायरी ६: एक तास, पन्नास चेंडू, आणि आधी अंदाज

पहिली दहा मिनिटं यंत्राशिवाय. अंग मोकळं करा, वेजने छोटे फटके मारा.

मग १५ चेंडू एकाच गोष्टीवर: आज टॉवेल, किंवा आज सुटण्याची दिशा. एका दिवशी एकच.

त्यानंतर घरच्या सरावातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट. फोन किंवा टॅबलेट उलटा करून ठेवा. फटका मारा. न बघता मोठ्याने बोला: ‘एकशे तीस, थोडा उजवीकडे.’ मग फोन सुलटा करा आणि वहीत दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा, तुमचा आणि यंत्राचा. सुरुवातीला तफावत वीस-पंचवीस यार्डांची असेल, कधी दिशासुद्धा उलटी निघेल. पण रोज वीस चेंडू असे मारले की हात, कान आणि आकडा यांची गाठ पडायला लागते. मैदानावर यंत्र नसतं. तिथे फटका कसा बसला हे तळहातांनाच कळावं लागतं. यंत्र विकत घेण्याचं माझ्या मते हेच खरं कारण आहे, आणि पडदा सतत समोर ठेवून मारणाऱ्याच्या पदरात नेमकं तेच पडत नाही.

शेवटचे १५ चेंडू प्रत्येक वेळी क्लब बदलून मारा. मनातल्या मनात एक होल (पहिल्या फटक्यापासून भोकापर्यंतचा टप्पा) खेळा: लांबचा फटका, मग ८ आयर्न, मग वेज. दोन चेंडूंच्या मध्ये मॅटवरून खाली उतरा, चेंडूच्या मागे जाऊन नेटवरची खूण बघा, मग परत उभे राहा. हे करताना आकडे बिघडतील, आणि बिघडू द्यावेत. १९७९ साली शी आणि मॉर्गन या संशोधकांनी हाताच्या हालचाली शिकवण्याचा एक प्रयोग केला होता. एकच हालचाल सलग करणारा गट सरावात पुढे होता. हालचाली आलटून पालटून करणारा गट सरावात मागे पडला, पण नंतरच्या चाचणीत त्याने बाजी मारली. एकामागून एक तीस वेळा ७ आयर्न मारल्यावर येणारी सफाई दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही, हा अनुभव ज्याने घेतलाय त्याला यात नवल वाटणार नाही.

वेजसाठी आठवड्यातला एक पूर्ण दिवस राखा. छताचा प्रश्न नाही, कोपरावर ताण नाही, आणि खेळातले एकूण फटके कमी होतात ते इथेच. ४० यार्ड, मग ५०, मग ६०, मग ७०, मग उलट खाली. ठरलेल्या अंतराच्या ३ यार्ड अलीकडे-पलीकडे पडला तर पुढे, नाहीतर तीच पायरी पुन्हा. कंबरेपर्यंत हात नेल्यावर किती, छातीपर्यंत नेल्यावर किती, हे महिनाभरात पाठ होतं.

पटिंगचे आकडे बऱ्याच घरगुती यंत्रांत भरवशाचे नसतात. त्यासाठी गालिचा आणि दोन टी (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंट्या) पुरतात. टी पटरच्या डोक्याहून जेमतेम रुंद अंतरावर रोवा आणि त्यांना न लागता पटर आरपार न्या. मैदानावरचं भोक १०८ मिलिमीटरचं असतं. त्या मापाची पुठ्ठ्याची चकती कापून ठेवा.

सिम्युलेटर हवा असेल तर

लॉन्च मॉनिटरला पडदा, प्रोजेक्टर, बऱ्यापैकी ग्राफिक्सचा संगणक आणि जीएसप्रो किंवा ई६ कनेक्टसारखं सॉफ्टवेअर जोडलं की सिम्युलेटर झाला. प्रोजेक्टर कमी अंतरावरून मोठं चित्र टाकणारा घ्या, म्हणजे तुमची सावली पडद्यावर येत नाही. आधी तीन-चार महिने नेटवर काढा आणि मगच हा खर्च करा. खेळायला मजा येते, पावसाळ्यात तर फारच, पण छोट्या फटक्यांत त्याची मर्यादा दिसते. टायगर वुड्स आणि रोरी मॅकिलरॉय या गोल्फपटूंच्या पुढाकाराने जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालेल्या टीजीएल स्पर्धेतही लांबचे फटके भल्यामोठ्या पडद्यावर मारतात, आणि भोकाजवळच्या छोट्या फटक्यांसाठी (चिपिंग-पटिंग) खेळाडू प्रत्यक्ष बनवलेल्या ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या भागावर येतात.

महिन्याच्या शेवटी

एका निवांत दिवशी प्रत्येक क्लबने दहा-दहा चेंडू मारा, दोन दिवसांत वाटून मारलेत तरी चालेल. वाईट फटके गाळू नका. दहा कॅरी लहानापासून मोठ्यापर्यंत मांडा आणि पाचव्या-सहाव्याची सरासरी घ्या. तेच तुमच्या त्या क्लबचं अंतर. शेजारी सगळ्यात आखूड फटक्याचा आकडाही लिहा, कारण समोर पाणी असेल तेव्हा निर्णय त्याच्यावर घ्यायचा असतो. हा तक्ता कागदाच्या छोट्या पट्टीवर उतरवून गोल्फ बॅगेच्या कप्प्यात ठेवा. मैदानावर पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत उतार, वारा आणि ओलं गवत यांच्यामुळे आकडे कुठे कुठे चुकतात, ते त्याच पट्टीवर पेन्सिलने लिहा. घरी आल्यावर पुढच्या महिन्याचा सराव त्या पेन्सिलच्या खुणांपासून सुरू करा.